तिसरा रकाना : द्विभाषिक शाळेचे पत्रक आणि मराठी घर

शाळेकडून घरी जाणारा कागद साहित्याच्या अभ्यासकाने सहसा हाती घेतलेला नाही. पालकसभेचे निमंत्रण, फी भरण्याची मुदत, सहलीसाठी मागितलेली संमती, गोवराची साथ आल्याची सूचना, स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त, नव्या शिक्षिकेचे स्वागत आणि निवृत्त होणाऱ्या शिपायाचा निरोप असा मजकूर त्या कागदावर असतो. तो आठवडाभर उपयोगी पडतो आणि मग रद्दीत जातो. त्याला लेखक नसतो; असलाच तर तो मुख्याध्यापकाच्या सहीआड दडलेला असतो. तथापि एखाद्या भाषेतील गद्याची प्रकृती तपासावयाची असेल तर तिच्या कादंबऱ्यांइतकेच अशा कागदांकडेही पाहावे लागते. आजारीपण, पैसा, परीक्षा, तक्रार आणि दिलगिरी हे विषय ज्या भाषेत रोज लिहिले जातात त्या भाषेचे गद्य वापरात राहते. ज्या भाषेत ते लिहिले जात नाहीत तिच्याकडे हळूहळू केवळ गाणी, आरत्या आणि भाषणे उरतात.

प्रस्तुत लेखात अशा कागदाचा विचार दोन ठिकाणच्या मराठी कुटुंबांच्या संदर्भात केला आहे. एक ठिकाण म्हैसूर शहरातील सरस्वतीपुरम आणि त्याच्या आसपासचा परिसर, दुसरे मॉरिशस. दोन्हीकडे शाळा घराशी दोन भाषांत बोलते आणि त्या दोहोंपैकी एकही त्या घराची मराठी नव्हे. म्हैसुरात ही जोडी इंग्रजी-हिंदी किंवा इंग्रजी-कन्नड अशी असते, मॉरिशसमध्ये इंग्रजी-फ्रेंच अशी. पहिल्या ठिकाणी मराठी अद्याप घरात बोलली जाते. दुसऱ्या ठिकाणी ती बहुतांश घरांतून गेली असून वेळापत्रकातील एका तासापुरती शाळेत आली आहे. ही दोन चित्रे शेजारी ठेवली असता द्विभाषिक पत्रकाविषयी काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात.

सरस्वतीपुरम ही म्हैसूरच्या पश्चिम अंगाची, कुक्करहळ्ळी तलाव आणि मानसगंगोत्री यांच्या जवळची वसाहत. या भागाचे स्वरूप घडविण्यात शिक्षणसंस्थांचा वाटा मोठा आहे. म्हैसूर विद्यापीठ १९१६ सालचे. प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय, जे आता प्रादेशिक शिक्षण संस्था म्हणून ओळखले जाते, ते १९६३ सालचे. आणि भारतीय भाषा संस्थान १९६९ च्या जुलैमध्ये स्थापन झालेले. शहरातच १९५० पासून केंद्रीय अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्थाही आहे. या केंद्रीय संस्थांमुळे नागपूर, पुणे, सोलापूर, कोल्हापूरकडची कुटुंबे नोकरीनिमित्त येथे येत राहिली. त्यांच्याखेरीज म्हैसूर प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, घरी मराठी आणि बाहेर कन्नड बोलणारी भावसार, नामदेव शिंपी, देशस्थ आणि मराठा कुटुंबे निराळीच. पहिल्या वर्गाची मराठी पुस्तकी वळणाची, दुसऱ्याची कन्नडच्या सहवासात मुरलेली. दोन्ही घरांतील मुले मात्र एकाच रिक्षातून शाळेत जातात आणि एकच पत्रक घरी आणतात.

हे पत्रक कोणत्या दोन भाषांत असावे हे शाळेच्या प्रकारावर ठरते. केंद्रीय विद्यालयांची योजना १९६३ च्या सुमारास अमलात आली ती बदली होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. तेथे हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही माध्यमभाषा आहेत आणि केंद्र सरकारच्या कागदपत्रांना १९६३ च्या राजभाषा अधिनियमाचा द्विभाषिक दंडक लागू आहे. राज्याच्या मंडळाशी संलग्न असलेल्या खासगी शाळांत इंग्रजीच्या जोडीला कन्नड येते. कन्नड भाषा अध्ययनाचा कायदा २०१५ साली झाल्यावर कन्नडचे स्थान केंद्रीय मंडळांच्या शाळांतही अधिक पक्के झाले. म्हैसूरसारख्या शहरात हे योग्यच म्हणावे लागेल. जेथे राहावयाचे तेथील भाषा न शिकता मूल मोठे होणे यात मराठीचे काहीच हित नाही.

द्विभाषिक पत्रक म्हणजे एकाच मजकुराच्या दोन भाषांतील दोन प्रती, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नियम तसेच मानतो. व्यवहार तसा चालत नाही. बहुधा तारीख, रक्कम, वेळ, अटी आणि ‘उशीर झाल्यास’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य इंग्रजीत असते. स्वागत, आभार, सुविचार, राष्ट्रीय सण आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांचा मजकूर हिंदीत अथवा कन्नडमध्ये येतो. एक भाषा बंधन घालते, दुसरी आपुलकी दाखवते. कोणी ठरवून केलेली ही विभागणी नव्हे, पण पालक ती लगेच ओळखतात. इंग्रजी भाग ते बोट ठेवून वाचतात आणि दुसऱ्या भागावरून नजर फिरवतात. शाळेच्या डायरीत पालकांसाठी राखलेली जागा सहीएवढी असते. बँकेत आणि पोस्टात देवनागरीत सही करणारी आईही पुष्कळदा या जागेत रोमन अक्षरांत सही करते. तेवढीच घराची त्या कागदावरील लेखी नोंद.

म्हैसुरातील मराठी घराला या दोन भाषांपैकी देशी भाषा अगदीच परकी नाही. संस्कृत शब्दांचा साठा समान असल्याने पत्रकातील अर्धे शब्द ओळखीचे वाटतात. अडचण त्या ओळखीतच आहे. ‘अवकाश’ हा शब्द घ्या. हिंदी पत्रकात तो सुट्टी. कन्नडमध्ये तो संधी. मराठीत तो मोकळी जागा, सवड, आणि आता ग्रहताऱ्यांमधील पोकळीही. ‘प्रवास’ म्हटले की कन्नड शाळेला सहल अभिप्रेत असते, मराठी माणसाला नुसते जाणे-येणे, आणि हिंदीत तो घर सोडून परमुलखी राहण्याचा शब्द. ‘शिक्षा’ या शब्दाची गंमत सर्वश्रुत आहे: हिंदीत शिक्षण, मराठीत व कन्नडमध्ये दंड, मुलाच्या नावे ‘शिक्षा विभागा’चे पत्र आल्याचे ऐकून एखादी आजी दचकली तर तिला हसण्याचे कारण नाही. पालकांना कन्नडमध्ये ‘पोषक’ म्हणतात. मराठीत ‘पोषक’ आहार असतो, आणि ‘पालक’ म्हटले तर भाजीही. ‘समाचार’ हा तर याच विषयाचा शब्द. कन्नड आणि हिंदीत तो बातमीवाचक. मराठीत समाचार घेणे म्हणजे विचारपूस करणे आणि खरडपट्टी काढणेही. शाळेकडून येणाऱ्या कागदाचे दोन्ही हेतू मराठीने एका शब्दात साठवले आहेत.

अशा शब्दांमुळे घरची मराठी सरकत जाते, आणि ती कोणत्या दिशेने सरकते हेही दिसते. मराठीत नोकरदाराला रजा आणि शाळेला सुट्टी असा भेद आहे. कन्नडमध्ये ‘रजे’ हा एकच शब्द दोन्हींना पुरतो. म्हैसुरात वाढलेले मराठी मूल ‘उद्या शाळेला रजा आहे’ असे म्हणते ते या सहवासामुळे. पुण्याहून आलेली आजी ते चूक मानते. चार पिढ्या म्हैसुरात काढलेल्या शेजारच्या आजींना त्यात चूक दिसतच नाही. भाषाशास्त्राच्या दृष्टीने दोघींचेही म्हणणे नोंद घेण्याजोगे आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषा दीर्घ सहवासाने वाक्यरचनेत एकमेकींच्या किती जवळ आल्या आहेत हे दाखविले. तेथे रचना एकसारखी होत गेली आणि शब्द मात्र आपापले राहिले. सरस्वतीपुरमच्या घरांत शाळेच्या बाबतीत उलट घडताना दिसते: रचना मराठीच राहते, शब्द पत्रकाचे येतात. ‘सर्क्युलरमध्ये दिलंय’, ‘डायरीवर साइन कर’, ‘पोषकांची मीटिंग आहे’ या वाक्यांचा सांगाडा अस्सल मराठी आहे.

तेव्हा या द्विभाषिक पत्रकाला आणखी एक रकाना असतो, जो छापला जात नाही. मूल पत्रक आणते, आई ते वाचते आणि घरातल्या इतरांना मराठीत सांगते. हा तिसरा, तोंडी रकाना. सासूबाईंना किंवा आईला दुपारी मुलाला आणावयास जायचे असते, म्हणून शाळा लवकर सुटणार हे त्यांना कळणे अगत्याचे असते. या तोंडी मराठीत एक लहानसा शब्द हमखास येतो, तो म्हणजे ‘म्हणे’. ‘उद्या म्हणे लवकर सोडणार आहेत’, ‘पांढरे बूट म्हणे हवेत’. कन्नडमध्ये ऐकीव गोष्टीसाठी ‘अंते’ हा प्रत्ययासारखा शब्द आहे; मराठीचा ‘म्हणे’ तेच काम करतो. बातमी दुसऱ्याच्या तोंडची आहे आणि तिची जबाबदारी आपली नाही, हे त्याने सुचवले जाते. मराठी माध्यमाच्या शाळेतून मराठीत आलेली सूचना वाचून दाखवताना ‘म्हणे’ची गरज भासत नाही, कारण कागद सरळ घराशी बोलत असतो. द्विभाषिक शाळेच्या बाबतीत मराठी घराला आपल्याच मुलाची बातमी कर्णोपकर्णी ऐकल्यासारखी मिळते. शाळेने हे केलेले नाही. आईने तर मुळीच नाही. तरीही ज्यांच्या ओठांवर ‘म्हणे’ येते ती माणसे शाळेच्या कुटुंबात पुरती धरलेली नाहीत, एवढा अर्थ त्यातून निघतोच.

तिसऱ्या रकान्यात काय गळते तेही पाहिले पाहिजे. तारीख आणि वेळ क्वचितच गळतात. गळते ते पत्रकातील समजावणीचे गद्य: गणित शिकवण्याची पद्धत का बदलली, वाचनात मागे पडणाऱ्या मुलासाठी घरी काय करावे, वर्गातील भांडणाकडे शाळा कसे पाहते. हा मजकूर तोंडी भाषांतरात एका वाक्याचा होतो किंवा नाहीसाच होतो. परिणामी घरातील ज्या व्यक्तीजवळ मुलासाठी सर्वांत अधिक वेळ असतो तिच्यापर्यंत शाळेचे विचार पोचतच नाहीत, केवळ आज्ञा पोचतात. आता पत्रके भ्रमणध्वनीवर येतात आणि आई कचेरीतूनच आवाजाचा संदेश पाठवून आजीला मराठीत कळवते. रकाना तोंडीच राहिला, फक्त त्याला अंतराची अडचण उरली नाही.

मराठी गद्याच्या इतिहासाकडे वळले असता हाच रकाना एकेकाळी छापलेला आढळतो. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते द्विभाषिक: एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी. १८४० साली ते बंद पडले. दोन रकान्यांचे वाचक वेगळे होते आणि संपादकाला त्याची जाण होती. इंग्रजीतून राज्यकर्त्यांना येथील लोकांचे म्हणणे कळावे आणि मराठीतून लोकांना नव्या विद्येची ओळख व्हावी, अशी ती योजना. इंग्रजीशेजारी रोजचा व्यवहार मांडण्याच्या निकडीतून मराठी वाक्य लांब, जोडवाक्यांचे, कारण आणि परिणाम सांगू शकणारे झाले. ही निकड नसती तर बखरीच्या आणि टीकाग्रंथांच्या वळणावरून मराठी गद्य निबंधापर्यंत इतक्या लवकर पोचले असते असे वाटत नाही.

याहून जवळचे उदाहरण ‘शालापत्रका’चे. शिक्षणखात्याच्या आश्रयाने पुण्यास निघणारे हे मासिक नावाप्रमाणेच शाळांसाठी आणि शिक्षकांसाठी होते. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यामागून विष्णुशास्त्री यांनी ते चालविले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधु आणि दंडी यांच्यावरील विष्णुशास्त्र्यांचे निबंध, जे पुढे ‘संस्कृत कविपंचक’ म्हणून ग्रंथरूपाने आले, ते प्रथम या शाळेच्या कागदात छापले गेले. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि १८७५ साली सरकारने ‘शालापत्रक’ बंद केले. मराठीतील आधुनिक समीक्षेचा एक आरंभ शाळेच्या पत्रकात झाला, ही गोष्ट वाङ्‌मयेतिहासात नोंदली जाते, पण तिचा अर्थ पुरता लक्षात घेतला जात नाही. शिक्षकाशी आणि घराशी बोलण्यासाठी जी भाषा तयार झाली तीच पुढे कालिदासावर बोलू शकली.

म्हैसूरपुरते पाहिले तरी मराठी येथे नेहमीच घरात कोंडलेली नव्हती. टिपूच्या आणि दिवाण पूर्णय्यांच्या काळात सरकारी हिशेबात कन्नडच्या जोडीने मराठीही वापरात होती. म्हणजे जमाखर्च ज्या भाषेत लिहिला जाई ती भाषा आज त्याच प्रदेशात सहामाही फीचा आकडाही लिहीत नाही. हा बदल स्वाभाविक आहे; दप्तरातील मराठी कारकुनांची होती, लोकांची नव्हती, आणि कन्नड प्रदेशाने आपले दप्तर कन्नड करावे यात गैर काहीच नाही. येथे मुद्दा हक्काचा नसून भाषेच्या आवाक्याचा आहे.

हक्काचा प्रश्न निघालाच तर तो दोन्ही बाजूंनी पाहावा लागतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याचे कर्तव्य राज्यांवर टाकते. कर्नाटकात १९८२ च्या गोकाक चळवळीनंतर आणि १९९४ च्या शासकीय धोरणानंतर या विषयावर दीर्घ न्यायालयीन वाद झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मातृभाषेचे माध्यम राज्याला सक्तीचे करता येणार नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवावयाचे, असा निर्णय दिला. पालकांनी आपला अधिकार बहुधा इंग्रजीच्या बाजूने वापरला हे सर्वांनाच ठाऊक आहे. सीमेच्या अलीकडेही चित्र फार निराळे नाही. सांगली जिल्ह्यातील जत आणि सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट या तालुक्यांत कन्नड घरे पुष्कळ आहेत. बालभारती कन्नड माध्यमाची पुस्तके काढते आणि कन्नड शाळाही चालतात. पण ज्या कन्नड घरातील मूल मराठी शाळेत जाते त्या घरी येणारी सूचना मराठीत असते आणि तेथील आजी ‘अंते’ म्हणूनच ती ऐकते. सरस्वतीपुरमच्या मराठी घराची तक्रार करणाऱ्याने जतच्या कन्नड घराचा विचार टाळू नये. देबीप्रसन्न पट्टनायक यांनी १९८१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात बहुभाषिकता आणि मातृभाषेतून शिक्षण हे प्रश्न एकत्र मांडले ते याच शहरातील भारतीय भाषा संस्थानाचे संचालक असताना. त्यांचा रोख होता तो अनेक भाषांना अडथळा मानणाऱ्या वृत्तीवर. एका भाषेचा कागद काढणाऱ्या शाळेला दुसऱ्या भाषा दिसतच नाहीत, एवढ्या साध्या रूपात ही वृत्ती रोज भेटते.

मॉरिशसच्या उदाहरणात ही सर्व सूत्रे अधिक ताणलेल्या रूपात येतात. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय गिरमिट मजूर त्या बेटावर उतरले. कलकत्ता आणि मद्रास बंदरांच्या मानाने मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या फार थोडी. त्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या जिल्ह्यांतील मराठी माणसे होती. ती जेथे गेली तेथे भाषांची उतरंड आधीच ठरलेली होती. १८१० साली बेट इंग्रजांनी जिंकले, परंतु तहाने फ्रेंच वसाहतवाल्यांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज राखले. सरकार इंग्रजीत आणि समाजाची प्रतिष्ठा फ्रेंचमध्ये अशी जी वाटणी झाली ती टिकून राहिली. १९६८ च्या संविधानानेही विधिमंडळाची भाषा इंग्रजी ठेवून सदस्यांना फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा दिली. एक योगायोग तुलनेसाठी सोयीचा आहे. ज्या १८३२ साली मुंबईत ‘दर्पण’ निघाले त्याच वर्षी मॉरिशसमध्ये आद्रियें देपिने यांनी ‘ल सेर्नेएँ’ हे वृत्तपत्र काढले आणि ते दीडशे वर्षे, १९८२ पर्यंत चालले. मळेवाल्यांच्या त्या पत्रात मजूर हा विषय होता. वाचक म्हणून तो गृहीत नव्हता. मजुरांच्या बाजूचे द्विभाषिक पत्र १९०९ मध्ये मणिलाल डॉक्टर यांच्या ‘हिंदुस्थानी’च्या रूपाने आले. त्यात इंग्रजीच्या जोडीला आधी गुजराती आणि मग हिंदी होती. मराठीला तेथे रकाना मिळाला नाही.

मॉरिशसच्या प्राथमिक शाळेत पुस्तके इंग्रजीत, फ्रेंच हा सक्तीचा विषय आणि शिक्षकाचे समजावणे पुष्कळसे क्रिओलमध्ये अशी रीत आहे. वर्तमानपत्रे मुख्यतः फ्रेंच असल्यामुळे बातमीची भाषा ती आणि नियमाची भाषा इंग्रजी. घरची भाषा या दोन्हींहून वेगळी. २०११ च्या जनगणनेत ८६ टक्क्यांहून अधिक लोकांनी घरी क्रिओल बोलत असल्याचे नोंदविले. मराठी वंशाची कुटुंबेही बहुतेक याच आकड्यात आहेत. म्हैसुरात जो तिसरा रकाना मराठीत बोलला जातो तो तेथे क्रिओलमध्ये बोलला जातो. ‘म्हणे’ची जागा दुसऱ्या शब्दांनी घेतली आहे. मराठी उरली ती वेगळ्या ठिकाणी. गणेशचतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुट्टी आहे. कोकणातील जाखडीचे ‘झाकरी’ हे रूप टिकले, भजने टिकली, मराठी नाटकांच्या स्पर्धा होतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत, जिची पायाभरणी १९७० साली झाली, मराठीचे अध्यापन होते आणि प्राथमिक शाळांची मराठी पाठ्यपुस्तके तेथे तयार होतात. १९९१ सालची जागतिक मराठी परिषदही मॉरिशसमध्ये भरली. एवढ्या लहान समाजाने एवढ्या दीर्घ काळात हे जपले याचे कौतुक महाराष्ट्रात पुरेसे झालेले नाही.

तथापि जपलेल्या मराठीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. ती उत्सवाची, पाठांतराची आणि रंगमंचाची मराठी आहे. शाळेत ती पर्यायी विषयाच्या तासाला येते. त्या तासाला वर्ग फुटतो: काही मुले हिंदीकडे, काही उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी वा चिनीकडे जातात आणि तास संपला की पुन्हा एकत्र येऊन इंग्रजी पुस्तक उघडतात. मराठीच्या शिक्षकाला घराला काही कळवावयाचे असेल तर ते मराठीत लिहून भागत नाही, कारण बहुतेक पालकांना ते वाचता येणार नाही. मराठीच्या प्रगतीचा समाचारही मराठीत पोचत नाही.

या पर्यायी विषयाला परीक्षेत किती वजन द्यावे हा तेथे कडवट वादाचा प्रश्न झाला. प्राथमिक शिक्षणाच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेतील गुणानुक्रमावर चांगल्या माध्यमिक शाळेतील प्रवेश ठरत असे आणि त्या क्रमासाठी पौर्वात्य भाषांचे गुण धरले जात नसत. १९९५ साली ते धरण्याचा निर्णय त्याच वर्षीच्या परीक्षेपासून लागू करण्यात आला. ज्यांच्या मुलांनी अशी भाषा घेतली नव्हती त्यांनी तयारीला अवधी मिळाला नाही म्हणून न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयात त्यांचा पक्ष मान्य झाला, पण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९९८ च्या फेब्रुवारीत तो निकाल फिरविला. कायद्याचा ऊहापोह येथे प्रस्तुत नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की वादाच्या मुळाशी एक सूचना होती, आणि ती कोणत्या महिन्यात कोणाच्या घरी पोचली यावर मुलांचे भवितव्य ठरत होते. ती परीक्षा २०१७ मध्ये दुसऱ्या परीक्षेने बदलली. पर्यायी भाषेचा तास मात्र कायम आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांनी काढलेली वृत्तपत्रके या संदर्भात वाचण्याजोगी आहेत. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले आणि त्याचे ‘बृहन्महाराष्ट्र वृत्त’ मराठीत निघत राहिले. अशा पत्रकांतील कविता बहुधा बेताच्या असतात. अभ्यासकाने त्या ओलांडून सभासद-वर्गणीची स्मरणपत्रे, हिशेब, निवडणुकीच्या सूचना आणि मराठी शाळेच्या वेळापत्रकातील बदल वाचावेत. वर्गणी थकल्याचे मराठीत सभ्यपणे कसे सांगावे, हे तेथे पुन्हा शोधावे लागले आहे. म्हैसुरातील मराठी घरांपाशी तोंडी मराठी भरपूर आहे आणि तिला लेखी करणारा कागद नाही. मॉरिशसच्या मराठी संस्थांपाशी संघटना आहे आणि वाचणारे घर उरलेले नाही. दोहोंपैकी म्हैसूरची स्थिती सुधारणे सोपे, हे उघड आहे. शाळेने तिसऱ्या भाषेचा खर्च सोसावा अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही, कारण एका वर्गात पाच-सहा घरभाषा असतात. पण शाळेचे महिन्याचे वृत्त चार आयांनी मिळून मराठीत उतरवून घराघरांत देणे अशक्य नाही, आणि ते करताना ‘अवकाश’ आणि ‘प्रवास’ यांचे काय करावे हा प्रश्न त्यांना अनुवादशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाहून चांगला कळेल.

मॉरिशसमध्ये दरम्यान एक नवी गोष्ट घडली आहे. क्रिओलला १९६८ नंतरही दीर्घकाळ शाळेत स्थान नव्हते. २०११ साली तिचे अधिकृत लेखन ठरले आणि २०१२ पासून ती प्राथमिक शाळेत पर्यायी भाषा म्हणून शिकवली जाऊ लागली. घरची भाषा शाळेच्या कागदावर आली, ही तेथील शिक्षणाच्या इतिहासातील मोठी घटना होय. परंतु तिला जागा मिळाली ती वेळापत्रकातील त्याच तासाला, जो हिंदी, तमिळ, तेलुगू आणि मराठीचा होता. मुलाने त्यांतील एकच भाषा घ्यावयाची. ज्या मराठी कुटुंबात आजीशी क्रिओलमध्ये आणि गणपतीशी मराठीत बोलले जाते, त्या कुटुंबातील आईवडिलांना मूल पहिलीत जाताना या दोहोंतून एक निवडून शाळेला कळवावे लागते.